मधल्या वाटेवर न दिसलेलं कोकरू

हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवू नकाच! पण दहिवडीच्या अंगाला, बाजरी काढलेल्या रानात, एक काळं कोकरू एका वाघरीतून दुसऱ्या वाघरीत गेलं आणि मधल्या वाटेवर ते कुठं नव्हतंच. वाघर म्हणजे मेंढरांभोवती उभी करायची दोरीची जाळी. ती तसूभर हलली नव्हती. आणि त्या कोकरानं एक लग्न जमवलं, ते तर आणखी पुढचं.

प्रांजल तेव्हा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला नुकतीच लागली होती. उद्या वर्गात अणू शिकवायचा, म्हणून संध्याकाळची ती बापाच्या मेंढरांपुढं उभी राहून तालीम करत होती. वारा बट डोळ्यांवर आणायचा, ती मागं सारायची...

"मधे केंद्रक. भोवती कक्षा. इलेक्ट्रॉन या कक्षेत असेल नाहीतर त्या कक्षेत. मधे कधी सापडत नाही."

"मग ह्या वाघरीतनं त्या वाघरीत जातो कसा?"

ती दचकली. शेजारच्या वाघरीपाशी एक उंच पोरगा खांद्यावर घोंगडं टाकून हसत होता. आटपाडीच्या नाथाजींचा पुतण्या, बिरुदेव. शिरवळच्या कारखान्यात कामाला, सुट्टी काढून चुलत्याच्या मेंढरांमागं आलेला.

"उडी मारतो," ती म्हणाली.

"मधनं?"

"मधनं न्हाई."

"आवं मॅडम, पोरांना फसवा, मेंढरांना तरी फसवू नका!"

"नेमकी हवी तेवढी ऊर्जा मिळाली की वर चढतो. जरा कमी पडली तरी जागचा हलत नाही."

"आणि खाली उतरताना?"

"उजेड देतो."

"व्हय?" त्यानं तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "दिसतोय की."

प्रांजलनं रागवायचं ठरवलं — जमलं नाही.

मग रोज दिवस मावळायला आला की बिरूला अणूबद्दल शंका यायच्या. एवढ्या शंका वर्गातल्या एकाही पोराला आल्या नव्हत्या. नाथाजींनी ते हेरलं आणि रीतसर मुलगी बघायला आले. पोहे झाले, चहा झाला. उठताना नाथाजी म्हणाले, "कळवतो." प्रांजलचा बाप ज्योतिबा ताठ मानेचा. तोही म्हणाला, "आमीबी कळवतो."

झालं! कुणीच कळवेना. वाघरी शेजारी शेजारी, मधे जेमतेम गाडीवाट, आणि दोन्हीकडं गप्प.

इकडं वर्गात प्रांजल शिकवत होती, "मोजेपर्यंत कण इथंच आहे असं म्हणता येत नाही. दोन्ही शक्यता एकदम जिवंत असतात. मोजलं की..." होकार आणि नकार दोन्ही तिच्या छातीत एकदम जिवंत होते, आणि एकानंही तिला धड जेवू दिलं नव्हतं.

त्यातच नाथाजींचा तळ हलायची वेळ आली. सकाळी मेंढरं पुढच्या रानाला निघणार, बिरू शिरवळला. मग कुठलं कळवणं आणि कुठलं काय!

आणि त्याच सकाळी ज्योतिबाच्या वाघरीत नाथाजींचं काळं कोकरू!

परक्या वाघरीत शिरलेलं जनावर मालकाकडच्यानं स्वतः येऊन न्यायचं, आणि चहा घेतल्याशिवाय न्यायचं नाही, ही त्या रानातली रीत. बिरू आला. प्रांजलनं त्याच्या हातात कप दिला.

"हे हितं कसं?"

"उडी मारली असेल."

"मधनं?"

"मधनं न्हाई."

या वेळी तो हसला नाही. "मॅडम, शेवटची शंका हाय... तुमच्या घरनं नकार हाय का?"

"आमच्या घरनं? निरोप तर तुमच्याकडनं यायचा होता!"

"काका म्हणलं, शिकलेली पोरगी हाय, आधी त्यांचं येऊ दे. जोर करायचा न्हाई."

"आणि आमचे बाबा म्हणतात, पोराकडच्यांनीच आधी बोलायचं असतं!"

कोकरू दोघांच्या मधे उभं राहून बिरूच्या पायताणाचा वास घेत होतं.

"मग मोजूया का?" बिरू हळूच म्हणाला. "तुमचं... काय हाय?"

"हो," प्रांजल म्हणाली. "त्या उजेडापासनंच हो."

बिरूनं एवढा मोठा श्वास सोडला, की चहावरची साय कपाच्या पार पलीकडच्या काठाला जाऊन चिकटली. "आमचंबी व्हयच हाय," तो म्हणाला आणि मटकन खालीच बसला. प्रांजल हसत सुटली. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती.

तर अशी ती गोष्ट, मंडळी. कोकराला कुणी हात लावला नव्हता. दवावर पाऊल नाही, जाळीची गाठ सुटलेली नाही. प्रांजल तर बिचारी गाढ झोपलेली! शास्त्रच आहे ते, त्याला आपण काय...

"साफ खोटं, आबा!" चहाचा ट्रे घेऊन आलेल्या प्रांजलनं गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याला उंबऱ्यातूनच अडवलं. "तांबडं फुटताना मीच उचलून आणलं होतं ते. लय जड होतं! अख्ख्या रानाला ठाऊक हाय — एक आमच्या ह्यांना सोडून."