उतारावरची शेरडं

ॲन्सेल कार्डोझा पहिल्यांदा दिसला तेव्हा तो स्वतःच्याच घराला आग लावायच्या तयारीत होता... ऑड्रीला तरी तसंच वाटलं. मे महिन्यातली सकाळ होती, बकआय टेकडीवरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं, आणि हा उंच, उन्हानं रापलेला गडी गोणीच्या गोणी लाकडाच्या ढलप्या भिंतीला टेकवून नीट, हौसेनं पसरत होता.

ऑड्री हातातला कागदांचा गठ्ठा सावरत फाटकाशी थांबली.

"सरपण छान रचलंय हो," ती म्हणाली. "काडीपेटी आहे, की तीही मीच आणून देऊ?"

तो वळला. कपाळावरचा घाम त्यानं मनगटानं पुसला, तशी तिथं मातीची एक रेघ उमटली. "घर विकायचंय. दलाल म्हणाला, ढलप्या पसरा, घर उठून दिसेल."

"दिसेल ना. पार खालच्या गावातून दिसेल, पेटल्यावर." तिनं बोटानं भिंतीपासून पाच फुटांचं अंतर दाखवलं. "एवढ्यात काही ठेवायचं नाही. झुडूप नाही, ढलप्या नाहीत, लाकडी कुंपणसुद्धा भिंतीला टेकलेलं नको. वाऱ्यावर एक ठिणगी उडून आली की..." ती मध्येच थांबली, कारण तो भिंतीकडे बघतच नव्हता. तिच्याकडे बघत होता.

"की काय?" त्यानं विचारलं. चेहरा साळसूद, पण ओठांच्या कडेला हसू.

"की संपलं," ऑड्री म्हणाली, आणि उगाचच कागद चाळायला लागली.

आता ही ऑड्री पेल्टियर कोण, ते सांगायला हवं. टेकडीवरच्या पोरांची शाळेची बस चालवायची. वय एकोणतीस, हात घाटातल्या वळणांना सरावलेले, तोंड त्याहून तयार. आदल्या वर्षी टेकडीवरच्या एकसष्ट घरांपैकी चाळीस घरांना विमा कंपन्यांची पत्रं आली होती, की वणव्याचा धोका फार, पुढल्या वर्षी विमा देणार नाही. विमा नाही तर बँक कर्ज देत नाही, आणि कर्ज नाही तर गिऱ्हाईक येत नाही. घरांच्या किमती बघता बघता एक तृतीयांशानं उतरल्या. तेव्हा सगळ्यांनी मिळून 'अग्निसुरक्षित वस्ती' असं प्रमाणपत्र मिळवायचं ठरवलं. ते मिळालं की कंपन्या पुन्हा दार उघडतात, हप्त्यात थोडी सूटही देतात. समितीचं अध्यक्ष कोणी व्हायचं त्याची सभा झाली, त्या सभेला ऑड्री वीस मिनिटं उशिरा पोचली, आणि माळ तिच्या गळ्यात पडली.

ॲन्सेल किनाऱ्यावरच्या गावात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मामा गेला, घर याच्या नावावर झालं, आणि हा ते पंधरा दिवसांत विकून जाणार होता. दोनदा गिऱ्हाईक ठरलं, दोन्ही वेळा विम्यापाशी येऊन मोडलं. आता प्रमाणपत्र येईपर्यंत अडकलो, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. ढलप्या त्यानं त्याच दिवशी उचलल्या. मग समितीच्या बंद पडलेल्या करवती दुरुस्त केल्या, मग ऑड्रीच्या बसचा खडखडणारा दरवाजा. संध्याकाळी दोघं घरोघर फिरून छपरांच्या पन्हळींतला पाला काढायची. तो शिडीवर, ही खाली शिडी धरून.

"घट्ट धरलीयस ना?" तो वरून विचारायचा.

"पडलास तर मामाचं घर समितीला मिळेल का, तो विचार करतेय," ही खालून म्हणायची.

जुलैपर्यंत ऑड्रीच्या लक्षात आलं की आपण एक मोठा वेडेपणा करतोय. प्रमाणपत्र आलं की याचं घर विकलं जाणार, आणि घर विकलं की हा जाणार. आणि त्या प्रमाणपत्रासाठी टेकडीवर सगळ्यात जास्त मरमर कोण करतंय, तर आपण! तिला स्वतःचंच हसू आलं. 'जाऊ नकोस' म्हणायचा तिला काय अधिकार होता?

ऑगस्टमध्ये मिरेन आली. मिरेन एचेव्हेरी, दोनशे शेरडं, दोन कुत्रे आणि एक जुना ट्रक. टेकडीवरचं रान शेरडांकडून खाऊन घ्यायचं समितीनं ठरवलं होतं. विजेच्या जाळीचं कुंपण घालायचं, आत कळप सोडायचा, दोन दिवसांत झुडपं साफ. मिरेन बुटकी, रुंद खांद्यांची, आणि हसायची अशी की डोंगरापलीकडे ऐकू जावं. पहिल्याच दिवशी तिच्या जाळीची बॅटरी बिघडली, आणि ती दुरुस्त करायला कोण गेलं ते काय सांगायला हवं?

दुसऱ्या दिवशी बॅटरी ठीक होती, तरी ॲन्सेल तिथंच. तिसऱ्या दिवशी तो एका करडाला बाटलीनं दूध पाजत होता, आणि मिरेन त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होती. ऑड्री बस घेऊन वळणावरून जात होती. तिनं हॉर्न वाजवला, गरज नसताना. दोघांनी हात हलवले, दोघांनी. हे तिला जास्तच झोंबलं.

त्या संध्याकाळी शिडी धरायला ती एकटीच होती. तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "अगं, एक शेळी व्यायली काल. जुळी झाली."

"अभिनंदन," ऑड्री म्हणाली. "बारसं कधी?"

तो हसला, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन तिनं भांडी आपटली. मिरेनला गाणं येतं, मिरेनला पनीर करता येतं, मिरेन एका हातानं शेळी उचलते... मग घाल ना तिच्याच गळ्यात माळ! आपल्याला इतका मत्सर करता येतो हे तिचं तिलाच नवं होतं.

आणि मग तिनं ती गोष्ट केली.

शेरडांचे शेवटचे दोन दिवस ॲन्सेलच्या घराखालच्या दक्षिण उतारासाठी ठेवले होते. दोन अख्खे दिवस, त्याच्या अंगणाशी. ऑड्रीनं मिरेनला निरोप पाठवला, की बेत बदललाय, कळप शाळेच्या रस्त्याला ने. मिरेननं बिचारीनं नेला. काम संपवून ती पलीकडच्या खोऱ्यात गेली, आणि दक्षिण उतार छातीएवढ्या झुडपांनी भरलेला तसाच राहिला.

मंगळवारी सभा होती. हॉलिस म्हणून एक म्हातारे होते, उभा जन्म आगीचा बंब चालवलेले. ते काठी टेकत उठले. म्हणाले, शनिवारी पाहणीला माणूस येतोय आणि दक्षिण उतार तसाच आहे. टेकडीवर आग चढते ती तिथूनच, वर अकरा घरं आहेत, तो उतार बघून कोण शिफारस करेल? दोन दिवसांची शेरडं गेली कुठं? बोलता बोलता सगळ्यांचा राग मिरेनवर गेला. कामचुकार निघाली, पुन्हा बोलवायचं नाही, आजूबाजूच्या वस्त्यांनाही कळवून टाकू, असं एकेक जण म्हणायला लागला.

ऑड्रीनं फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसली तर मिरेन या डोंगरात पुन्हा दिसणार नव्हती. शिवाय प्रमाणपत्र लांबलं असतं, आणि ॲन्सेल आणखी वर्षभर इथंच अडकला असता. हवं ते सगळं आयतं ताटात आलं होतं, आणि घास गिळवत नव्हता.

"मिरेनची चूक नाही," ती उभी राहिली. "मी तिला दुसरीकडे पाठवलं."

"का?" हॉलिसनी विचारलं.

"कारण..." तिनं ॲन्सेलकडे बघायचं टाळलं. "कारण ती ॲन्सेलशी हसून बोलायची, आणि तो पण. मला बघवत नव्हतं. मी जळत होते. झालं."

कोणाची तरी खुर्ची करकरली. हॉलिसनी काठी खुर्चीला टेकवली. "चाळीस वर्षं आगी विझवल्या," ते म्हणाले, "पण हिच्यावर पाणी कुठून मारायचं ते मला ठाऊक नाही. उद्यापासून कोयते घेऊन या सगळ्यांनी."

ॲन्सेलचे कान लाल झाले होते.

तीन दिवस टेकडी त्या उतारावर राबली. गुरुवारी पहाटे मिरेनचा ट्रकही आला, अर्धा कळप घेऊन. ऑड्रीनं तिची माफी मागितली. मिरेन जाळी ठोकता ठोकता म्हणाली, "खरं सांगू? तुझा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. मला आवडला होता तो. माझ्याबरोबर जेवायला येतोस का, असं विचारलं पण होतं मी. नाही म्हणाला."

"का?"

"ते त्याला विचार. मला नकाराची कारणं ऐकायची सवय नाही."

ऑड्रीनं विचारलं. शुक्रवारी, उतारावर, दोघांच्या अंगावर काटे आणि धूळ... ॲन्सेलनं तिच्या केसांतली एक काटकी काढली आणि म्हणाला, "प्रमाणपत्र येऊ दे. मग बोलू."

म्हणजे निरोपच घेणार, ती समजली. शनिवारची पाहणी नीट पार पडली, पण पुढचे दोन महिने तिनं त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. रात्री मात्र मनातल्या मनात त्याचं घर घेणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकावर जळायची, त्या गिऱ्हाइकाच्या बायकोवर, जी त्या घराच्या खिडकीत उभी राहणार होती तिच्यावर. माणूस अस्तित्वातच नसलेल्या माणसावरही जळू शकतो!

नोव्हेंबरमध्ये प्रमाणपत्र आलं. महिनाअखेरीस, विमा पुन्हा देऊ, अशी कंपन्यांची पत्रं आली. ॲन्सेलच्या घराला आठवड्यात गिऱ्हाईक लागलं, उतरलेल्या किमतीत नाही, पहिल्या किमतीत. सारी टेकडी त्याबद्दलच बोलत होती. आणि एका दुपारी पोरांना सोडून परतताना ऑड्रीनं पाहिलं की 'विकणे आहे'ची पाटी जागेवर नाही.

बारीक पाऊस लागला होता. ती बस तिथंच उभी करून उतरली. तो अंगणात होता.

"विकलंस?" तिनं विचारलं. आवाज साधा ठेवायचा होता, जमलं नाही.

"मागितलं चांगल्या भावानं."

"मग... कधी जाणार?"

"नाही दिलं." तो जवळ आला. पाऊस त्याच्या पापण्यांवर साचत होता. "मी त्या सभेतच बोलणार होतो, ऑड्री. पण तेव्हा घर विकलं जात नव्हतं. तू जन्मभर म्हणाली असतीस, कुठं जायला जमलं नाही म्हणून राहिलास."

"म्हणालेच असते," तिनं कबूल केलं. डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"आज जमतंय. पैसे तयार आहेत, किनाऱ्यावर काम तयार आहे. आणि मी कुठंही जात नाहीये. आता बोल काय बोलायचंय ते."

ऑड्रीनं त्याच्या ओल्या सदऱ्याची बाही धरली आणि धरूनच ठेवली.