कोपऱ्यातल्या खोलीची बेल

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, पण यात माझ्या पदरचं एक अक्षरही नाही. हे माझ्या सख्ख्या आत्यासोबत घडलं. रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी.

आत्या एका वृद्धसेवा केंद्रात मेट्रन आहे. तिच्या सासूबाईही तिथेच असतात. एकेकाळी अख्खं घर डोक्यावर घेणाऱ्या या बाईंची वाचा अर्धांगाच्या झटक्याने गेली. आता बेल हाच त्यांचा आवाज.

त्या दुपारी नवी वायरलेस बेल निवडायची होती. एक बेल सिस्टरच्या टेबलावरूनच बंद करता यायची. दुसरी पलंगाजवळ जाऊन बटण दाबल्याशिवाय गप्प बसायची नाही.

"मॅडम, पहिलीच घ्या," सिस्टर म्हणाली. "उठसूट धावून पायांचे तुकडे पडतात हो!"

आत्यालाही ते पटलं.

बेल दाखवायला आलेल्या विक्रेत्याने टेबलावरच्या यंत्रात सगळ्या खोल्यांची नावं भरली, पलंगांशी बटणं लावली. कोपऱ्यातल्या खोलीत तेवढं बटण लावायचं राहिलं. तिथल्या शिंपीणकाकू वारल्यापासून ती खोली रिकामीच होती.

तेवढ्यात बेल वाजली...

यंत्रावर अक्षरं उमटली. कोपऱ्यातली खोली.

"होतं असं सुरुवातीला," विक्रेत्याने ती टेबलावरूनच बंद केली.

पुन्हा वाजली... त्याने पुन्हा बंद केली.

पुन्हा...

"थांबा, मीच बघते!" आत्या तणतणत गेली.

खोलीत कुणी नव्हतं. गुंडाळलेली गादी, बंद खिडकी.

आणि भिंतीपलीकडून... घरघर.

पलीकडे सासूबाई होत्या!

पलंग आणि भिंतीमधल्या फटीत त्या घसरल्या होत्या. मान अडकलेली, ओठ निळे. बटण खाली पडलेलं. आत्याने हाका मारून सिस्टरला बोलावलं, दोघींनी त्यांना ओढून काढलं. थोडक्यात वाचल्या.

आत्या परतली तेव्हा विक्रेता पांढराफटक पडला होता. कोपऱ्यातल्या खोलीचं बटण त्याच्या हातातच होतं. त्यात बॅटरीसुद्धा घातलेली नव्हती.

आत्याने दुसरी बेल घेतली. सिस्टर कुरकुरली, आत्याने ऐकलं नाही. पण कोपऱ्यातल्या खोलीत मात्र तिने बटण लावूच दिलं नाही. भीतीच बसली होती.

काल मी तिला फोन केला. मागे बेल वाजत होती...

"आत्या, कुणीतरी बोलावतंय बघ."

"कोपऱ्यातली खोली," ती म्हणाली. "आधी सासूबाईंकडे धावले. त्या छान झोपल्यात."

"मग बंद कर ना!"

"तिथे बटणच नाही रे. बंद कुठून करू?"

"मग कुणासाठी वाजतेय?"

"एकेकाला बघून आले," ती हळूच म्हणाली. "सगळे ठीक आहेत. आता बघायची राहिलेय... ती मीच."

आजच्या आज डॉक्टरांना दाखव, म्हटलं. ती हो म्हणाली.

मागे बेल वाजतच होती.