आईकडून आलेली निळी भांडी

डीलिया फडताळातून एकेक बशी उतरवत होती, वर्तमानपत्रात गुंडाळत होती, पेटीत ठेवत होती... आणि हेस्टर शेगडीजवळच्या खुर्चीत हात मांडीवर घेऊन नुसती बघत होती. लग्नाला अजून आठवडाही झाला नव्हता. जावई कीथ बाहेर गाडीपाशी उभा राहून सिगारेट ओढत होता, कारण आत येऊन या दोघींच्या मध्ये उभं राहण्याचं धैर्य त्याला होत नव्हतं.

"ही माझ्या आईची आहेत," डीलिया म्हणाली. "तिनं मला पाठवलेली. म्हणून मी नेते आहे."

"ने," हेस्टर म्हणाली.

"एवढंच? ने?"

"सुपाचं भांडं तळाशी नको ठेवूस. त्याचा कान आधीच सांधलेला आहे."

डीलियाच्या हातातला कागद थांबला. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज कोरडा होता. "लग्नाला आईला बोलवायचं होतं मला. पत्ता ठाऊक नाही म्हणालीस. इतकी वर्षं तिची पार्सलं येत होती मावशी, त्यांच्यावर पत्ता नव्हता? तूच तिला येऊ दिलं नाहीस. तुला स्वतःचं कुणी नव्हतं, म्हणून तू मला तिच्यापासून तोडलंस."

एक वाक्य... फक्त एक वाक्य हेस्टरनं उच्चारलं असतं, तर त्या मुलीचे हात जागच्या जागी गळून पडले असते. पण ते वाक्य तिच्या ओठांशी आलंच नाही. आपल्या छातीत आता काहीतरी फुटणार, अशी ती वाट बघत राहिली, आणि काहीच फुटलं नाही. पेटी भरली, गाडी सुरू झाली, उताराच्या कोपऱ्यावर वळली. हेस्टर उठली आणि रिकाम्या फडताळावरची धूळ पुसू लागली.

खरं काय ते आमच्या बर्स्लेम गावात बऱ्याच जणांना माहीत होतं. हेस्टरची धाकटी बहीण आयव्ही देखणी, हसरी आणि उतावळी. तिचा नवरा कोळशाच्या खाणीतल्या अपघातात गेला, तेव्हा डीलिया नुकती चालायला लागली होती. वर्षभर आयव्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि मग एक दिवस उठली, केस विंचरले, मुलीला हेस्टरच्या कडेवर दिलं आणि म्हणाली, "ताई, चार दिवस सांभाळ हिला, मी जरा समुद्रावर जाऊन येते." ती समुद्रावर गेली ती तिथलीच झाली. तिथे तिला कुणी हॉटेलवाला भेटला होता, आणि त्याला मूल असलेली बाई नको होती. तिनं ना पत्ता कळवला, ना चार ओळी लिहिल्या.

डीलिया पाच वर्षांची झाली, तेव्हा शाळेतून रडत आली. कुणीतरी तिला 'टाकलेली' म्हटलं होतं. "आईनं मला टाकलं का गं मावशी?" त्या इवल्याशा चेहऱ्याकडे बघून हेस्टरचं काळीज पाण्यासारखं झालं. पुढच्या शनिवारी ती शेजारच्या हॅन्ली गावच्या बाजारात गेली आणि जुन्या भांड्यांच्या ढिगातून एक निळ्या छापाची बशी निवडून घेऊन आली. पूल, पाण्यात गाई, मागे कुठलासा किल्ला. ती तिनं खोक्यात घातली, सुतळीनं बांधली आणि डीलिया शाळेतून आल्यावर म्हणाली, "पोस्टमन देऊन गेला. तुझ्या आईकडून."

हेस्टर स्वतः चिनीमातीच्या कारखान्यात छापखान्यावर होती. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नक्षी पातळ कागदावर उतरायची, तो कागद कोऱ्या बशीवर बसवायचा आणि ताठ ब्रशनं घासघासून नक्षी बशीत मुरवायची... दिवसभर हेच काम. बोटं कायम निळी. पण कारखान्यातली नवी बशी आणून चालणार नव्हतं, ती डीलियानं ओळखली असती. म्हणून जुन्याच घ्यायच्या, कधी वाढदिवसाला, कधी नाताळला, कधी नुसतंच पोरगी हिरमुसलेली दिसली म्हणून. एकीला तडा असायचा, एखादीची कड उडालेली, पण हळूहळू फडताळ निळंभोर झालं. आणि ती भांडी शोभेला ठेवलेली नव्हती. रोज सकाळी ओटची धिरडी, रविवारचं मटण, सगळं त्यांतच. डीलिया जेवताना शेवटचा घास बाजूला सारून खालची गाय बघायची आणि म्हणायची, "आईला कसं कळलं मला गाई आवडतात?"

"आई आहे ती," हेस्टर सांगायची. "आईला कळतं."

असं करत करत हेस्टरनं आपल्याच हातांनी एक माउली घडवली होती, आणि त्या माउलीनंच आज तिची लेक नेली.

नंतरची वर्षं हेस्टरला नीट आठवतही नसत. ती कामावर जायची, यायची. पांढऱ्या साध्या ताटलीत काहीतरी खायची. डीलिया नाताळला कार्ड पाठवायची, त्यावर फक्त सही. छापखान्यावर तिच्या शेजारी बसणारी एडना तोंडाची फटकळ.

"मी जाऊन सांगते त्या पोरीला. दोन मिनिटांचं काम."

"सांगशील तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

"मग निदान रडून तरी घे बाई. दगड झालीयेस नुसती."

"येत नाही रडू," हेस्टर म्हणाली. ते अगदी खरं होतं. दुःख व्हावं असं तिला वाटे, पण आत हात घालून बघितलं तर हाताला काही लागत नसे. बाजारातला म्हातारा विक्रेता हाक मारायचा, "हेस्टरबाई, मोराची नक्षी आलीय, तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय." ती मान हलवून पुढे जायची.

आणि एका ऑक्टोबरच्या दुपारी दार वाजलं. दारात आयव्ही उभी होती. केस रंगवलेले, कोट एकेकाळी भारी असलेला, हातात एक लहानशी बॅग. तिचा हॉटेलवाला वारला होता, आणि त्याच्या मुलांनी तिला हॉटेलातून बाहेर काढलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "ओळखलंस का गं?"

हेस्टरनं तिला आत घेतलं, चहा दिला. राग यायला हवा होता... तो आला नाही.

"मला तिला एकदा बघायचंय," आयव्ही खाली बघत म्हणाली. "तोंड नाही मला, ठाऊक आहे. पण लांबून तरी."

"लांबून कशाला? लीक गावात राहते. बस जाते. मी पत्ता देते." हेस्टरनं कागदावर पत्ता लिहिला. "ती तुला निळी भांडी दाखवील. ती तू पाठवलीस."

"मी? मी कधी काय पाठवलं?"

"तूच पाठवलीस. वाढदिवसाला, नाताळला. पत्रं लिहायची तुला सवय नव्हती. भांडी पोस्टानं यायची. एवढं लक्षात ठेव, जास्त बोलू नकोस."

आयव्ही बहिणीकडे बघतच राहिली. कपातला चहा निवत गेला. "आणि तुझ्याबद्दल विचारलं तर काय सांगू?"

"काही नको. माझ्याबद्दल तिचं मत झालेलं आहे."

आयव्ही गेली. हेस्टरनं कप विसळले. आता दोघी भेटतील, गळ्यात पडतील, त्या कल्पित मायेला अखेर हाडामांसाचं शरीर मिळेल... असा विचार तिच्या मनात आला, आणि दुसऱ्याच कुणाच्या घरातली गोष्ट ऐकावी तसा निघून गेला.

दोन-तीन दिवसांनी डीलिया आली. मागच्या दारानं, लहानपणी यायची तशी. डोळे सुजलेले, कोटाची बटणं वरखाली लावलेली.

"बस," हेस्टर म्हणाली.

ती बसली नाही. "मी तिला जेवायला वाढलं मावशी. सगळी भांडी काढली. ती म्हणत होती, हो, पाठवलं खरं, हो, आवडेल असं वाटलं. मग मी तो लहान वाडगा पुढे ठेवला. मला लाल पुरळाचा ताप आला होता, तेव्हा आलेला. मी विचारलं, मी आजारी आहे हे तुम्हाला इतक्या लांब कसं कळलं? तर ती... वाडगा दोन्ही हातांत धरून बसली. मग म्हणाली, 'तू आजारी होतीस? मला नाही गं माहीत. मला काहीच माहीत नाही. मी एकही बशी पाठवली नाही. हेस्टरनं मला असं सांगायला लावलं.'"

हेस्टर शेगडीजवळच्या खुर्चीत बसली.

"का नाही सांगितलंस? मी तुला काय काय बोलले त्या दिवशी. तू नुसती म्हणालीस, ने."

"सांगितलं असतं तर तुला आई उरली नसती."

"पण तू होतीस ना!" डीलिया खाली बसली आणि तिच्या मांडीत डोकं घालून रडली, ओक्साबोक्शी, लहान मुलीसारखी. हेस्टरचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. हाताला केसांचा स्पर्श कळत होता, पण आत अजूनही काही पोचत नव्हतं.

"आई म्हणू तुला?" डीलियानं विचारलं.

"नको. मावशीच म्हण. मावशी म्हणूनच केलं मी सगळं." आणि जरा वेळानं, "आयव्ही कुठाय?"

"माझ्याकडेच आहे. निघाली होती, मी थांबवलं. मला तिचा राग येतो मावशी. पण तिनं खोटं बोलायचं सोडलं, म्हणून मी आज इथे आहे. काय करू तिचं?"

"राहू दे. जाईल कुठे."

"भांडी परत आणून देते."

"नको. आणलीस तर फडताळात नुसती उभी राहतील. तू जेव त्यांत. रविवारी मीच येते."

रविवारी ती गेली. कीथनं कोट घेतला आणि काय बोलावं न सुचून दोनदा हवापाण्याची चौकशी केली. टेबलावर एकही भांडं दुसऱ्यासारखं नव्हतं, निळ्या रंगाची ओळख मात्र सगळ्यांत होती. आयव्ही कोपऱ्यातल्या खुर्चीत आखडून बसली होती.

"आता खरं खरं सांग," डीलिया म्हणाली आणि एक बशी उचलली. "ही कुठून आणलीस?"

"हॅन्लीचा बाजार. पाऊस होता. पिशवी फाटली, म्हणून डोक्याच्या रुमालात बांधून आणली."

"ही?"

"ही टन्स्टॉलच्या एका म्हातारीची. ती मेल्यावर लेकानं अंगणात मांडून विकली. फार घासाघीस केली मी." हेस्टर किंचित हसली. किती वर्षांनी ती एवढं बोलत होती. डीलिया दाखवत गेली, ती सांगत गेली, कीथसुद्धा खुर्ची ओढून ऐकू लागला.

शेवटी डीलियानं मटणाखालचं मोठं लांबट ताट जरा तिरकं केलं. "आणि हे?"

हेस्टरनं ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हे स्टोकच्या स्टेशनाबाहेरचं," ती म्हणाली. "विल्फ ब्लूर न्यूझीलंडला गेला, त्या दिवशीचं. आमच्या कारखान्यात तांब्यावर नक्षी कोरायचा तो. तिकडे लग्न करणार होतो आम्ही. पण तुला न्यायचं तर आईची सही हवी होती, आणि आई कुठे आहे तेच... गाडी सुटली. बाहेर एक जण गाड्यावर जुनी भांडी विकत होता. घरी आले तर तू विचारलंस, मावशी, तुझे डोळे का लाल झालेत? काय सांगायचं? म्हटलं, बघ तरी, आज तुझ्या आईनं केवढं मोठं ताट पाठवलंय."

बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. तिनं घसा खाकरला, पुन्हा बोलायचा प्रयत्न केला, आणि शब्दांऐवजी काहीतरी गरम, जड असं गळ्याशी दाटून आलं... इतक्या काळानं आलं, की आधी तिला ते ओळखताच आलं नाही. मग ती टेबलावर कोपरं टेकून रडली. डीलियानं तिला धरलं. कीथ खिडकीबाहेर बघू लागला.

तेव्हा आयव्ही उठली. आयुष्यभर तिला कुणीतरी वाढलेलं होतं, आधी आईनं, मग हेस्टरनं, मग त्या हॉटेलातल्या नोकरांनी. तिनं सुरी घेतली, मटणाचा मधला चांगला तुकडा कापला, बटाटे वाढले, वर रस घातला आणि ती बशी बहिणीपुढे ठेवली.

"आधी तू जेव ताई," ती म्हणाली. "निवतंय."

हेस्टरनं डोळे पुसले आणि काटा हातात घेतला.