मोशीतला ठिपका आणि निघोज्यातला ठिपका

निघोज्यात रुबीनाच्या खोलीत काचेची एक बरणी होती. बरणीत धाग्याने टांगलेलं एक लोहचुंबक, त्यावर आरशाचा तुकडा, समोरच्या भिंतीवर लेझरचा लाल ठिपका. आणि एक रिकामं अंथरूण. रुबीनाचा धाकटा भाऊ आरिफ दवाखान्यात होता. उलट्या थांबत नव्हत्या. दोष बोअरच्या पाण्यात असावा, पण त्यात नेमकं काय शोधायचं, हे डॉक्टरांना कळत नव्हतं.

प्रयोग रुबीनाची मैत्रीण विजयश्री हिने सुट्टीसाठी ठरवला होता. सूर्यावरून कणांचा वारा सुटतो, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो, आणि ट्रकवरची ताडपत्री फडफडावी तसं ते क्षेत्र हलतं, असं तिने रुबीनाला समजावलं होतं. आज गुरुवार, इथल्या कारखान्यांच्या सुट्टीचा वार; कंपन्या बंद, रस्त्यावर ट्रक नाहीत, म्हणून चुंबकाला दुसरा त्रास नाही. आज तर सूर्याचं वादळ होतं. ठिपका काही मिनिटं डावीकडे, काही मिनिटं उजवीकडे, संथ झुलत होता. मोशीला त्यांचा वर्गमित्र गणराज याने तशीच बरणी मांडली होती. त्याचा ठिपकाही त्याच तालात झुलत होता.

दुपारी इथला ठिपका दोन सेंटिमीटर सरकला आणि त्या नव्या जागेभोवतीच झुलू लागला.

"धक्का दिला असशील," गणराज फोनवर म्हणाला. "माझा बघ, जागेवर आहे."

"हात लावला नाही रे. दाराला कडी होती," रुबीना म्हणाली.

भिंतीपलीकडे यशवंतरावांचा पत्र्याने बंद केलेला प्लॉट होता. रुबीनाचे वडील चांदभाई आणि दोघी मुली तिकडे काय चाललंय ते बघायला गेल्या. मुरमाची भर चालू आहे, एवढंच यशवंतराव म्हणाले.

"आन् तुमचं चुंबक सूर्याच्या वादळानं हाललंय. बातम्यांत दावलंय की!"

"काका, सूर्यामुळे सरकलं असतं तर मोशीतही सरकलं असतं," विजयश्री म्हणाली. "इथे जवळ लोखंड आलंय."

"न्हाई, नुसता मुरूम हाय."

"मग खोदायला हरकत नाही ना?"

चांदभाईंनी आपल्या गॅरेजमधून फावडं आणलं, शेजारी जमले. हातभर खाली लोखंडी पिंप लागलं. त्याखाली जुनी, गंजून फुटलेली पिंपं, आणि पिवळं पाणी. चांदभाईंनी मुलींना मागे ओढलं. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर क्रोमचा मुलामा चढवणाऱ्या एका कारखान्याचा टाकाऊ माल, गुरुवारी कोण बघतंय म्हणून यशवंतराव कित्येक महिने पुरून घेत होते.

पिंपावरच्या चिठ्ठीचा फोटो पाहून डॉक्टरांनी क्रोमियमची तपासणी लिहून दिली. "दोघींनी वेळ वाचवलात," ते म्हणाले. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या वर ते चालत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

अहवाल आला. बोअरचं पाणी : लिटरमागे ३.२ मिलिग्रॅम.