कडेचा अंगठा

स्कॅनर मी आईच्या डोळ्यांसाठी घेतला. २०१० च्या ऑगस्टमध्ये बाबा गेले, तेव्हा तिला समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. दृष्टीचा मधला भाग गेला होता आणि तो परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. कॉम्प्युटरवर अक्षर मुठीएवढं केलं, की मान कलती ठेवून तिला ते वाचता येई.

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं होते. निवृत्तीनंतर कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज दुपारी चार ते पाच ते आईला मोठ्यानं वाचून दाखवत. शेवटची कादंबरी दीपगृहावर राहणाऱ्या एका माणसाची होती. जुनी, आता कुठेच न मिळणारी, तीनशे बारा पानांची. एकशे अडुसष्टाव्या पानात त्यांचा लोकलचा जुना पास खूण म्हणून राहिला होता.

पुढचं मी वाचून दाखवते म्हटलं, तर आई म्हणाली, "तुझ्या आवाजात नको. माझं मी वाचीन. एवढं संपलं की मी मोकळी."

मोकळी म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. बाबा गेल्यापासून ती जेमतेम अर्धी भाकरी खात होती. मी ठरवलं, स्कॅन करायचं, पण रोज चारच पानं. संपू द्यायचं नाही.

पुस्तक काचेवर पालथं घालायचं, शिवण उसवणार नाही इतपत दाबायचं. पान मुडपू नये म्हणून उजव्या कडेखाली अंगठा ठेवावा लागे. तो चित्रात येई. मी तेवढी कड कापून टाकी. संध्याकाळी केलेली पानं आई दुसऱ्या दिवशी दुपारी वाची.

एकशे एक्याऐंशीव्या पानावर डाव्या कडेलाही अंगठा होता. रुंद, टोकाशी सपाट, नख अर्धंच. बाबांच्या अंगठ्याचं टोक एकोणऐंशी साली कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये गेलं होतं.

मी काच पुसली, पान पुन्हा स्कॅन केलं. अंगठा होताच. ऑफिसात प्रज्ञेशला विचारलं, मशीनमध्ये जुनं काही साठून राहतं का. "स्कॅनरला आठवणी नसतात," तो म्हणाला. "तुझाच असेल. जरा रजा घे."

पुढच्या प्रत्येक पानावर तो आला. ती कड मी कापली नाही. खरं सांगायचं तर, मी संध्याकाळची वाट बघू लागले.

मग एके दिवशी घरी आले, तर फोल्डरमध्ये दोनशे अडतीसपर्यंत पानं होती. मी दोनशे बत्तीसला थांबले होते. पुस्तक माझ्या कपाटात, किल्ली माझ्याजवळ.

"तू चारच करतेस," आई म्हणाली. "ते म्हणाले, दीपाली पहिल्यापासून रेंगाळणारी."

"कधी म्हणाले?"

तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा स्क्रीनकडे मान कलती केली.

मी स्कॅन करणं बंद केलं. पुस्तक बॅगेत घालून हिंजवडीला ऑफिसात नेऊ लागले. पानं वाढतच राहिली, रोज सहा, रोज आठ. आई आता पूर्ण भाकरी खात होती, वर भात मागत होती. शेजारच्या गोदाबाई म्हणाल्या, वाचनानं तुमच्या आईला बरं वाटतंय हो. मी हो म्हटलं.

पानं तीनशे अकरापर्यंत आली, त्या दिवशी सकाळी मी स्कॅनरची वायर काढली आणि तीही बॅगेत टाकली. ऑफिसात दर तासाला दोन्ही गोष्टी हात घालून बघितल्या. होत्या.

दुपारी लवकर निघाले. तरी पोचायला सव्वापाच झाले.

आई स्क्रीनसमोर बसली होती. शेजारी दुसरी खुर्ची ओढून घेतलेली होती.

"संपलं," ती म्हणाली. "शेवट त्यांनी फार छान वाचला."

मी स्कॅनरचं झाकण उचललं. काच कोमट होती.

फोल्डर उघडला. तीनशे बारावं पान सरळ, स्वच्छ आलं होतं. डाव्या कडेला अर्ध्या नखाचा अंगठा. उजव्या कडेला दुसरा, बारीक, पेरावर तव्याच्या चटक्याचा जुना डाग.

मी वळले. आईची मान कलती नव्हती. ती सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली.

मी तिचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या पेरावर तोच डाग होता, आणि टोक चपटं, पांढरं पडलं होतं, काचेवर दाबून धरल्यासारखं. मी ते चोळलं. बराच वेळ चोळत राहिले.

रंग परत आला नाही.