उतरण्याची परवानगी

सासुरवाडीत जावयाचं नाव कशावरून होईल याचा काही नेम नसतो. याचं झालं ते एका प्रिंटरवरून. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासऱ्यांचा प्रिंटर अडून बसला होता, याने तो बंद करून पुन्हा चालू केला आणि तो मुकाट्याने छापू लागला. तेव्हापासून नात्यागोत्यात कुणाचंही यंत्र रुसलं की "आमच्या जावईबापूंना विचारा" हे ठरलेलं. खरं तर तो एका कारखान्याच्या खरेदी विभागात होता आणि संगणकातलं त्याला चारचौघांना कळतं तेवढंच कळायचं. पण आयतं चालून आलेलं मोठेपण नाकारायला जमलं नाही, आणि पुढे पुढे तर नाकारायचीच लाज वाटू लागली.

त्यामुळे सासूबाईंचा फोन आला, "ह्यांचा तो विमानाचा खेळ नव्या कंप्यूटरवर चालेल का हो?" तेव्हा तो म्हणाला, "न चालायला काय झालं?" बायकोची त्या दिवशी ड्यूटी होती. दुपारचं जेवण उरकून तो एकटाच गेला. तासाभरात काम संपवून संध्याकाळची मॅच घरी बघायची असा त्याचा बेत होता.

सासूबाईंचं घर इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर होतं, वर नुसती गच्ची. सासरे गेल्यापासून त्यांची ती मागची खोली बंदच असायची. आज ती उघडून, झाडून, पुसून ठेवली होती, तरी कोंदट वास काही गेला नव्हता. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून जाड पडदे ओढलेले होते, आणि भर दुपारी त्या खोलीत दिवा लावावा लागत होता. टेबलावर नवा कंप्यूटर होता. जुना कायमचा बंद पडला होता, पण त्यातली डिस्क दुकानदाराने काढून एका डबीत बसवून दिली होती. वायर जोडली की सासऱ्यांचं सगळं जसंच्या तसं दिसत होतं.

"दुकानदार म्हणाला, आधी सगळ्याची एक कॉपी करून घ्या आणि मगच हात लावा," सासूबाई म्हणाल्या.

"त्याला काय, तो म्हणणारच," जावई म्हणाला. कॉपीला दीड तास लागेल असं कंप्यूटरचा पडदा सांगत होता. त्याने ती मधेच थांबवली.

सासरे आयुष्यभर बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते. फाटकाशी उभं राहून कुठली गाडी केव्हा आत घ्यायची हे ते ठरवायचे, आणि त्यांनी हात केल्याशिवाय एकही चालक गाडी आत आणत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांना या खेळाचा नाद लागला. खऱ्या विमानात ते कधी बसले नाहीत. पण खेळातलं विमान ते खऱ्याच्या चालीने उडवायचे. सहा तासांचा प्रवास असेल तर सहा तास. वेळ पुढे ढकलायची सोय खेळात होती, ती त्यांनी एकदाही वापरली नाही. आणि विमानतळ जवळ आला की ते स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचे, "उतरू का?" सासूबाई हातातलं काम न सोडता म्हणायच्या, "उतरा." त्या म्हणेपर्यंत विमान घिरट्या घालत राहायचं. घरातल्या पोरांना याचं हसू यायचं, पण म्हाताऱ्यांचा नियम म्हणजे नियम.

"शेवटच्या दिवशी मी चिडले होते," सासूबाई सांगू लागल्या. त्या दाराशीच उभ्या होत्या, आत येत नव्हत्या. "पाणी गेलं होतं, भांडी तशीच पडलेली. आणि ह्यांचं आपलं, उतरू का, उतरू का. मी म्हटलं, फिरत राहा तिथंच..."

पुढचं त्याला ठाऊक होतं. सासरे फिरत राहिले. मग छातीत कळ आली, तशाही अवस्थेत त्यांनी ते उड्डाण जतन केलं, आल्यावर उतरवतो म्हणाले, आणि दवाखान्यातून परत आलेच नाहीत.

"ते अजून वरच आहेत हो," त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी दुपारी जरा टेकले ना, की विचारतात. मी इथून उतरा म्हणते, पण त्याचा काही उपयोग होत नाही. विमानच बंद पडलंय, तर त्यांना ऐकू कुठून जाणार? तुम्ही ते तेवढं चालू करून द्या. एकदा नीट सांगते, मग मी सुटले."

जावयाने मान डोलवली. म्हातारी एकटी राहते, होतात असे भास, असं त्याच्या मनात आलं. पण त्यांचा चेहरा पाहून मॅचचा विचार केल्याची त्याला थोडी शरम वाटली.

खेळ सुरू व्हायला तयार नव्हता. आधी म्हणाला, हा प्रोग्राम या संगणकावर चालत नाही. जुन्या पद्धतीने चालवायची खूण केली, तर सीडी मागू लागला. सासऱ्यांनी जपलेली सीडी सापडली, पण नव्या कंप्यूटरला सीडी घालायला जागाच नव्हती. जावयाने फोनवर शोधून कुठल्याशा साइटवरून काहीतरी उतरवून घेतलं. मग खेळ उघडला, तर आकाश पांढरंफटक, आणि पंख्याच्या पात्यासारखं गरगरणारं विमान. नव्या यंत्राच्या वेगाने जुना खेळ पिसाटला होता. तो वेग कमी केला, रंग जाग्यावर आणले. सासऱ्यांच्या जुन्या जॉयस्टिकचा प्लग नव्या कंप्यूटरला कुठेच बसेना, तेव्हा कीबोर्डवर भागवायचं ठरलं. सासूबाई दाराशी उभ्या राहून सगळं पाहत होत्या, आणि त्यांच्या नजरेतलं कौतुक त्याच्या पाठीला जाणवत होतं.

अखेर जतन केलेलं उड्डाण, विमानाच्या आणि विमानतळाच्या नावासकट, यादीत दिसलं. शेवटचं. त्याने ते उघडलं, आणि खेळ बंद पडला. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. मग त्याने ठरवलं, खेळच नव्याने बसवू, जुन्याच्याच जागी. पडद्यावर एक चौकट आली. तिच्यात चार-पाच ओळी होत्या.

"काय विचारतंय ते?" सासूबाईंनी विचारलं.

आता थांबून वाचलं असतं तर काय बिघडलं असतं? पण वाचायचं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही हे उघड करायचं. तज्ज्ञ माणूस वाचत बसत नाही.

"उगाच विचारतं ते," तो म्हणाला आणि 'हो' दाबलं. पुढच्या चौकटीलाही 'हो'. त्यापुढच्यालाही.

खेळ छान बसला. यादी उघडली तर ती कोरी होती. त्याने डिस्क धुंडाळली, कचऱ्याची पेटी पाहिली, नाव टाकून शोधलं. चौकट विचारत होती ती जुन्या फायली पुसू का म्हणून, आणि कॉपी तर त्याने स्वतःच्या हाताने थांबवली होती. त्याचे कान तापले. कुणी थोबाडीत मारली असती तरी इतके तापले नसते.

"झालं का?" दारातून आवाज आला.

"झालंच," तो म्हणाला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत त्याने नवं उड्डाण मांडलं. तसंच विमान निवडलं. तोच विमानतळ, त्याच्यावर घिरट्या घालणारं. संध्याकाळची वेळ, टाकी भरलेली, स्वयंचलित चालक सुरू. सासूबाईंनी 'उतरा' म्हटलं की आपण हळूच कळा दाबून विमान खाली आणायचं. म्हातारीला समाधान मिळेल, यात पाप ते कसलं? असं मनाशी म्हणताना त्याला कुणाकडेही बघवत नव्हतं, पडद्याच्या काचेत दिसणाऱ्या आपल्या तोंडाकडेसुद्धा.

सासूबाई आल्या, शेजारच्या खुर्चीत टेकल्या, पदर सावरला. फोन टेबलावर ठेवला. त्याने उड्डाण सुरू केलं.

विमानाबाहेर मिट्ट काळोख दिसला. संध्याकाळ मांडली होती, मग हे काय? रंगाचं काहीतरी बिघडलं असेल, त्याला वाटलं. खाली दूरवर धावपट्टीचे दिवे बारीक लुकलुकत होते. मग त्याचं लक्ष इंधनाच्या काट्याकडे गेलं. काटा तळाला टेकला होता. इंजिनाचा आवाज मधेच अडखळे, थांबतो की काय असं वाटे, आणि पुन्हा सुरू होई. खोलीत गारवा आला होता. आणि वास... कोंदट नव्हे, ओल्या मातीचा. खूप खोल खणलेल्या खड्ड्यातून येतो तसा.

"अजून विचारत कसे नाहीत?" सासूबाई कुजबुजल्या. "रोज विचारतात... आज काहीच ऐकू येत नाहीये."

इथे तरी त्याने खरं सांगायला हवं होतं. ते त्याला कळत होतं, ओठांपर्यंत आलंही होतं.

"विचारतायत की," तो म्हणाला. "स्पीकर लहान आहे ना, म्हणून. तुम्ही सांगा."

त्यांनी विश्वास ठेवला. हात जोडले, पडद्याजवळ तोंड नेलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "उतरा हो. आता घरी या. आत या."

स्वयंचलित चालकाचा दिवा विझला. विमानाने नाक खाली केलं. जावयाची बोटं कळांवर नव्हती, त्याने ती केव्हाच मांडीवर घेतली होती. सासरे विमान उतरवायचे ते निजलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसं. हे सरळ खाली येत होतं, दिव्यांच्या अलीकडे, धावपट्टी न शोधता. दणका बसला, पडदा थरथरला, आणि सगळं थांबलं. खेळात अशा वेळी अपघात झाल्याची पाटी येते. ती आली नाही. काळ्या जमिनीवर काळं विमान नुसतं उभं राहिलं.

"आले," सासूबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. रडता रडता त्यांचा चेहरा असा निवळला, की तसा तो त्याने इतक्या वर्षांत पाहिलाच नव्हता. "जावईबापू, तुमचं कल्याण होवो. चहा ठेवते."

त्या गेल्या. तो तिथंच बसून राहिला. आयुष्यात कुणी दिलेला आशीर्वाद त्याला इतका बोचला नव्हता. त्याने कंप्यूटर बंद केला, डबीची वायर काढली, स्पीकरची पिन ओढली. जाऊन सांगायचं, असं त्याने ठरवलं. पाय धरायचे आणि सांगायचं.

स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू येत होतं. सासूबाई हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या, मधेच हसत होत्या. फोनवर असतील, असं त्याला वाटलं, आणि मग टेबलावर पडलेला त्यांचा फोन दिसला. त्या थांबल्या की दुसरं कुणीतरी बोलत होतं. जाड, सावकाश आवाज, बऱ्याच दिवसांनी तोंड उघडल्यासारखा. शब्द कळत नव्हते. तो आवाज सासऱ्यांचा नव्हता.

आणि त्याच वेळी छताच्या वर, गच्चीच्याही कितीतरी वर, एक बारीक घरघर गोल फिरू लागली. ती जवळ आली. मग सासऱ्यांचा आवाज आला. स्वच्छ, डेपोतल्या शिस्तीचा, समोरच्याला घाई न करणारा.

"उतरू का?"

जावई कसाबसा उठला आणि बोळकंडीत आला. वाक्य तोंडात तयार होतं. 'आई, मी ते उड्डाण पुसून टाकलं. ते वरच राहिलेत. तुम्ही आत घेतलं ते कोण, मला ठाऊक नाही.' एवढंच बोलायचं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंनी डोकं बाहेर काढलं. गालांवर लाली होती.

"हे म्हणतायत," त्या हसून म्हणाल्या, "जावयाने वाट करून दिली, म्हणून आत येता आलं."

त्याची मान आपोआप खाली गेली. ओल्या मातीचा वास आता तिकडून येत होता. सासूबाई आत वळल्या, आणि त्यांच्यामागे कुणीतरी दार लोटून घेतलं.

वरची घरघर एक फेरी घेऊन पुन्हा डोक्यावर आली. आता इंजिन अडखळत होतं.

"उतरू का?"

हे आता त्याच्याशिवाय कुणालाच ऐकू येणार नव्हतं. सासूबाईंनी त्यांच्या मते परवानगी देऊन टाकली होती. ती पुन्हा द्यायला सांगायची, तर आधी आपण काय केलं ते सांगावं लागणार होतं. त्याने बंद दाराकडे पाहिलं. दार ढकलायला हात उचलला, आणि तो तसाच खाली आला.

"जरा थांबा..." छताकडे पाहत तो पुटपुटला. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही.



"बरं," सासरे म्हणाले, आणि घरघर पुन्हा वळण घेऊ लागली.