धवळीचं बाळंतपण

पालीच्या बायनाबाईच्या दारात शेळ्या वाढल्या, मेंढ्या वाढल्या, आणि एका दुष्काळात कुणा वाटसरूनं सोडून दिलेला उंट पावसाळ्यापर्यंत बांधलेला होता म्हणतात. उंटाचं खरंखोटं बिंदुसरा धरणाला ठाऊक. पण सुनेनं बीडहून पिंजऱ्यात घालून पांढरी उंदरीण आणली, तेव्हा मात्र म्हातारी उंबऱ्यातच आडवी बसली.

“घरातले कमी हायत म्हणून इकत आनली का?”

“विकत नाही, आत्या. कॉलेजातली आहे. माझं काम आहे तिच्यावर.”

सून सत्यशीला बीडच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायची आणि सोबत पीएच.डी. करायची. ती पीएच.डी. उंदरांच्या आयांवर होती. यंदाच्या उन्हाळ्यात कॉलेजातल्या प्राण्यांच्या खोलीतला कूलर जळाला, नवा येईना, आणि उंदीर एकामागून एक तापून मेले. उरली ती ही एवढी, तीही गाभण. सत्यशीलाचे स्वतःचेही दिवस भरत आलेले. पण ती उठली, पिंजरा नवऱ्याच्या पिकअपमध्ये ठेवला आणि घरी घेऊन आली. भारतचा पिकअप एरवी वडवणीच्या बाजाराला शेळ्या न्यायचा. त्याला काय, जनावर ते जनावर.

मागची दगडी खोली गार असायची. तिथं पिंजरा ठेवला. तळाला साळीचा कोंडा अंथरला. बायनाबाईनं दोन दिवस तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी तिला धवळी म्हणून हाक मारली आणि जोंधळे निवडता निवडता विचारलं, “हिच्यात शिकन्यासारखं काय हाय गं?”

“भीती. काही उंदरांच्या आया शांत असतात, काही भित्र्या. पिल्लं घरट्यातून काढून लांब ठेवली, तर शांत आई मधून धावत जाते आणि एकेकाला दातांत धरून परत आणते. भित्री आई मोकळ्या जागेत पाय टाकत नाही. भिंत धरून फिरते, कोपऱ्यात बसते आणि थरथरत नुसती बघत राहते. ही भित्र्यांच्या वंशातली आहे. शेवटची.”

“आन् पिल्लं?”

“पडून राहतात. हा भित्रेपणा रक्तातून उतरतो की दुधातून, ते शोधायचंय. त्यासाठी अदलाबदल करतात. भित्रीची पिल्लं शांत आईला लावायची, शांत आईची भित्रीला.”

“पिल्लांना इचारलं का?” बायनाबाई म्हणाली आणि सूप पाखडू लागली.

पुढं सत्यशीला बाळंत झाली. मुलगी. आधीची दोन लेकरं बारशापर्यंत पोचली नव्हती, म्हणून घरात कुणी मोठ्यानं आनंदही केला नाही. मुलगी रडायची खणखणीत आणि प्यायची अशी की आईला कळ यावी. सत्यशीला मात्र तिच्या छातीवर हात ठेवून बसायची. श्वास लागतोय ना, एवढंच बघायची.

ज्यांची लेकरं जगत नाहीत, त्यांच्या घरी एक रीत असते. लेकरू सुपात घालायचं आणि दुसऱ्या एखाद्या अंगावर पाजणाऱ्या बाईसमोर ठेवायचं. तिनं सुपात मूठभर कोंडा टाकायचा. म्हणजे लेकरू कोंड्याच्या मोलानं तिचं झालं. मग आईनं तेवढाच कोंडा तिला देऊन ते परत आणायचं. नजर ठेवून बसलेल्या सटवीला वाटावं, हे या घरचं नव्हेच. सत्यशीला यावर हसली, पण नाही म्हणाली नाही. दोन लेकरं गेलेली बाई कशालाही नाही म्हणत नाही.

शेजारच्या सुनिताला सांगून ठेवलं होतं. पण त्याच सकाळी तिच्या माहेरी, नांदूरघाटला, कुणी वारलं आणि ती तान्ह्याला घेऊन निघून गेली. इकडं सूप मांडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं, लेकरू आत.

“मांडलेलं सूप रितं उचलू न्हाई,” बायनाबाई म्हणाली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. आणि तिची नजर दगडी खोलीच्या दाराशी थांबली. धवळी आदल्याच दिवशी व्याली होती. “ही बी अंगावर पाजनारीच हाय की.”

भारत हसून हसून खाली बसला. “माय, जातबीत तरी बघ.”

“गप रं. रीत झाल्याशी मतलब.”

सूप पिंजऱ्याला लावलं. सत्यशीला दाराजवळच्या भिंतीला टेकून हसत होती. धवळी कोपऱ्यात थरथरत होती. मग ती हलली. मधून चालत आली, पाठ फिरवली आणि मागच्या पायांनी कोंडा उकरू लागली. तारांमधून कोंडा उडाला आणि सुपात, लेकराच्या पायांवर पडला.

“घ्या, झाला सौदा,” भारत म्हणाला.

उंदीर उकरतातच, सत्यशीलानं मनाशी म्हटलं. बायनाबाईनं मूठभर कोंडा तारांपाशी धरला. धवळी वळली नाही. म्हातारीनं तो जबरीनं आत सारला, तर धवळीनं नाकानं ढकलून बाहेर काढला.

“ती कुणाच्या हातचं घेत नाही, आत्या,” सत्यशीला म्हणाली. “राहू द्या.”

त्या संध्याकाळपासून मुलगी प्याली नाही.

तोंड लावलं की मान फिरवायची. रागानं नव्हे, पोट भरलेलं लेकरू जसं फिरवतं तसं. रडायचीही नाही. सत्यशीलानं दूध काढून चमच्यानं घातलं, ते ओठांवरून ओघळलं. दुसरा दिवस तसाच. भारतनं गाडी काढली आणि तिघांनी गावातलंच आरोग्य केंद्र गाठलं. संगीता नावाची नर्स होती. तिनं मुलीला तपासलं, काट्यावर ठेवलं आणि सत्यशीलाकडं कौतुकानं पाहिलं.

“कशापायी आणलं? वजन चांगलं वाढलंय की. काय पाजताय एवढं?”

“काहीच पीत नाहीये.”

“पहिलटकरीण असंच म्हणते, बाई.”

मी पहिलटकरीण नाही, हे सत्यशीलाच्या ओठांवर आलं. पण ती मुलीच्या गालांकडं पाहत होती. गाल भरले होते. लंगोट ओला होता.

घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा धवळीकडं नीट पाहिलं. पाठीचे मणके मोजता येतील इतकी ती झडली होती. पिल्लं लुचत होती, तडफडत होती. दोन मरून पडली होती. आणि धवळी त्यांच्यावर बसली होती खरी, पण मान उचलून पलीकडच्या खोलीकडं बघत होती. पाळण्याकडं.

सत्यशीला शिकलेली बाई. तिनं स्वतःला बजावलं की उष्णतेनं उंदरांचं दूध आटतं, आणि काट्यात बिघाड असतो. ती बाहेर आली, तेवढ्यात अंगणातून भारतनं हाक मारली.

“तू कावून अशी चालतीस?”

“कशी?”

“भिंत धरून. सकाळपासनं बघतोय. माजघरातून चुलीपाशी जायचं तर सगळ्या घराला वळसा घालतीस. मधून येना की.”

सत्यशीला अंगणाच्या कडेला उभी होती. तिनं मधे पाय टाकायचा प्रयत्न केला. अंगण तेच होतं, सारवलेलं, मधे तुळस. पण ते फार मोकळं होतं. तिची पाठ आपोआप भिंतीला लागली. 

“ही उंदरीण बीडला नेऊन सोडा,” ती म्हणाली. “आत्ता.”

“अन् तुझं शिक्शान?”

“आत्ता, अहो.”

भारतनं पिंजरा पिकअपमध्ये ठेवला आणि निघाला. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत मुलगी झोपेत होती. गाडी मोठ्या रस्त्याला लागली असेल, तेव्हा तिचे ओठ सुकले. मग हातपाय गार पडले. मग मान सैल झाली. एखाद्यानं पिशवीचं तोंड सोडावं तसं सगळं तिच्यातून ओघळून चाललं होतं. बायनाबाई छाती पिटू लागली. सत्यशीलानं फोन लावला. “वळवा,” एवढंच म्हणाली. “गाडी वळवा.”

गाडी दारात आली, तशी मुलगी जांभई देऊन हलली.

त्यानंतर त्या घरात कुणी हसलं नाही.  जे होतं ते सगळ्यांना दिसत होतं. धवळी जगली तर लेकरू जगणार. आणि धवळी मरायला टेकली होती. मुठीएवढं जनावर, ते माणसाचं पोर किती दिवस पोसणार?

तेव्हा पालीच्या त्या घरात उंदरिणीचं बाळंतपण सुरू झालं. सुनेसाठी केलेले डिंकाचे लाडू कुस्करून पिंजऱ्यात गेले. अळिवाची खीर बशीतून गेली. बायनाबाईनं मेथी तुपात परतली, बाळंतशेपा भाजल्या, शेगडीत ओवा टाकून पिंजऱ्याला शेक दिला. बोटानं तीळतेल घेऊन त्या काटकुळ्या पाठीला लावलं. “खा गं माज्या बाई,” म्हणायची. “तुज्या पाया पडते, खा.” धवळी खायची. आता ती कुणालाच भीत नव्हती. हातातून घ्यायची, पिंजऱ्याच्या मधोमध बसून खायची. आणि रोज आणखी झडायची.

सत्यशीलाचं दूध दगड होऊन बसलं होतं. तिला ताप भरला. कोपऱ्यात बसून ती पाळण्याकडं बघायची. मधे फक्त एक सतरंजी टाकलेली जमीन. तिकडं जाता येत नव्हतं. मुलीला सासू आणून मांडीवर द्यायची, तेव्हाच ती तिला शिवायची.

“आत्या,” एका दुपारी ती म्हणाली, “कोंडा द्यायचा तो कुणी द्यायचा असतो?”

बायनाबाई शेक देत होती. तिचा हात थांबला.

“आईनं.”

“त्या दिवशी कुणी दिला?”

म्हातारीनं शेगडी बाजूला सारली. त्या दिवशी तिनंच दिला होता. आई भिंतीला टेकून हसत होती.

“सूप मांडा,” सत्यशीला म्हणाली.

बाहेर ऊन रणरणत होतं. दगडी खोलीच्या मधोमध सूप ठेवलं, त्यात मुलगी. पलीकडच्या भिंतीला पिंजरा. अलीकडच्या भिंतीला सत्यशीला, मुठीत कोंडा. बायनाबाईनं पिंजऱ्याचं दार उघडलं आणि खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. तिच्यामागं भारत.

धवळी बाहेर आली. सरळ मधून. पाय ओढत होती, पण थांबली नाही. सुपावर चढली. मुलीच्या झबल्याची बाही तिनं दातांत धरली आणि ओढली.

सूप हललं. फरशीवर बांबू घासल्याचा आवाज आला.

“माय,” भारत कुजबुजला, “सूप सरकलं का?”

पुन्हा घासल्याचा आवाज. पिंजऱ्याच्या दिशेनं.

“ऊठ पोरी,” बायनाबाई म्हणाली. “जा.”

सत्यशीला उठली नाही. तिला उठता येत नव्हतं. वर छत फार उंच होतं, जमीन फार उघडी होती. तिनं तळवे टेकले. गुडघे टेकले. भिंतीपासून पाठ सुटली आणि तिच्या घशातून बारीक, उंच आवाज निघाला. भारतनं तो बायकोचा आवाज म्हणून ओळखला नाही.

सूप सरकत होतं.

ती रांगत निघाली. कोंडा वाटेत सांडत गेला. उरला तो तिनं सुपात टाकला.

धवळीनं बाही सोडली नाही.

दोघी एकमेकींकडं बघत होत्या. दोघींच्या मधे लेकरू.

सत्यशीलाचे हात जमिनीवरून उचलेनात. मग तिनं मान खाली घातली. मुलीच्या छातीवरचं झबलं दातांत घट्ट धरलं आणि तिला सुपातून उचललं.

कितीतरी दिवसांनी मुलगी रडली.

सत्यशीला मागं फिरली. लेकरू तोंडात धरून, चारी हातापायांवर, ती कोपऱ्यात पोचली आणि त्याच्यावर वाकून बसली. भारत पुढं झाला, तशी तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो होता तिथंच थांबला. मग चुटचुट आवाज येऊ लागला. मुलगी पीत होती.

धवळी सुपात कोंड्यावर बसली होती. तिनं तो थोडा उकरला, हुंगला. आणि त्यावरच आडवी झाली.

बायनाबाईनं तिला लिंबाखाली पुरलं. हळदकुंकू वाहिलं, खणाचा तुकडा घातला. “सवाशीण गेली,” म्हणाली, आणि कुणी तिला वेड्यात काढलं नाही.

सत्यशीलाचा ताप उतरला. ती अंगणाच्या मधून चालू लागली. मुलगी रडायची, प्यायची, लंगोट भिजवायची. बारसं झालं. कोंडाबाई नाव ठेवलं आणि शाळेत घालायला दुसरं शोधायचं ठरलं. सुनिता नांदूरघाटहून परतली, बाळंतविडा घेऊन आली. बायनाबाई तिला ओसरीवर सांगत होती, “आता सून लई खाती बघ. भाकरी टोपल्यात ठरंना. पर अंगाला काय लागंना तिच्या.”

आत सत्यशीला पिंजरा धुवायला निघाली होती. इतके दिवस तिकडं जायचं धाडस झालं नव्हतं. धवळीची उरलेली पिल्लं आईमागं एक दिवसही काढणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. प्यालेली, झोपलेली मुलगी तिनं खांद्यावर घेतली, दुसऱ्या हातात जुना कागद घेतला, त्यांना उचलायला.

पिंजऱ्यात घरटं तसंच होतं. तिनं वरचा कोंडा बाजूला केला. खालून ऊब आली.

पिल्लं एकमेकांवर झोपली होती. उपासानं वाढ खुंटून कातडी अजून उघडीच होती, पातळ, गुलाबी, ओल्या कागदासारखी. या वयात त्यांना कुणी पाजलं की नाही हे बघायला काही करावं लागत नाही. दूध पोटात गेलं की ते कातडीतून बाहेर दिसतं. तिनं एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

पोट टम्म होतं. एका बरगडीपासून दुसऱ्या बरगडीपर्यंत पांढरंशुभ्र.

पिल्लू जागं झालं, तोंड उघडून हवेत चाचपू लागलं. सत्यशीलाच्या पोलक्याला आतून दुधाची ओल धरली.